आयएनएस जलाश्व: पोटात पाणी घेणारी युद्धनौका नेमकी चालते कशी?

मी परभणीचा. आमच्याकडून समुद्र बघायचा म्हणजे देवगिरी एक्स्प्रेसची एक अख्खी रात्र काढावी लागते. त्यामुळे युद्धनौकेवर लिही असं कुणी म्हणेल असं वाटलं नव्हतं. पण गल्लीतला एक पोरगा नौदलाच्या अग्निवीर भरतीची तयारी करतोय. त्यानं विचारलं, "दादा, जहाजात पाणी शिरलं की ते बुडतं. मग ही जलाश्व मुद्दाम पाणी आत कशी घेते?" प्रश्न भारी आहे. म्हणून हा लेख.

गंगाखेडची गोदावरी शेवटी बंगालच्या उपसागराला मिळते. त्याच किनाऱ्यावर, थोडं वर, विशाखापट्टणम आहे. जलाश्व तिथलीच. नावाचा सरळ अर्थ पाण्यातला घोडा, म्हणजे आपला पाणघोडा. नाव अगदी फिट बसतं: अंगानं अवाढव्य, अर्धी पाण्यात, आणि घाई अजिबात नाही.

जुनी आहे, पण दमदार

ही नौका मुळात अमेरिकेची. नाव होतं यूएसएस ट्रेंटन. 1968 मध्ये तिचं जलावतरण झालं आणि 1971 मध्ये ती अमेरिकी नौदलात दाखल झाली. जानेवारी 1991 मध्ये सोमालियात यादवी पेटली, तेव्हा मोगादिशूच्या दूतावासात अडकलेल्या लोकांना काढायला ट्रेंटन आणि ग्वाम ही जोडी गेली होती. जहाजं अजून लांब समुद्रात असतानाच हेलिकॉप्टरं पुढे पाठवली आणि वाटेत हवेतच त्यांच्यात इंधन भरलं. जानेवारी 2007 मध्ये भारतानं ही नौका सुमारे 4.8 कोटी डॉलरला घेतली आणि 22 जून 2007 ला ती आयएनएस जलाश्व झाली. वापरावर अमेरिकेच्या अटी होत्या, म्हणून कॅगनं या खरेदीवर ताशेरेही ओढले.

लांबी सुमारे 173 मीटर, पूर्ण भार धरून वजन जवळपास 17 हजार टन. दोन बॉयलर, दोन वाफेची टर्बाइनं, वेग 21 नॉट. म्हणजे ताशी 39 किलोमीटर. आपली लालपरी आरामात ओव्हरटेक करेल! पण लालपरीत साधारण 1000 सैनिक, गाड्या आणि चार लँडिंग बोटी बसत नाहीत.

पाणी आत घ्यायची भानगड काय आहे?

या प्रकाराला एलपीडी म्हणतात, म्हणजे लँडिंग प्लॅटफॉर्म डॉक. 'प्लॅटफॉर्म' म्हणजे वरचं हेलिकॉप्टर डेक, आणि 'डॉक' म्हणजे त्याच्याखाली, जहाजाच्या मागच्या भागात असलेलं मोठं हौदासारखं दालन.

आता याची गरज का पडते बघा. काही छोटी जहाजं (आपली आयएनएस ऐरावत त्यातलीच) नाक थेट वाळूत घालतात, पुढचं दार उघडतात आणि रणगाडे उतरवतात. जलाश्वचा तळ पाण्याखाली सुमारे 7 मीटर असतो. ती किनाऱ्यापर्यंत जाऊच शकत नाही, लांबच रुतेल. म्हणून ती समुद्रातच थांबते आणि सामान बोटींनी पाठवते. पण रणगाडा चढवलेली बोट क्रेननं उचलून समुद्रात सोडणं सोपं काम नाही. त्यापेक्षा बोट आतच तरंगवा आणि बाहेर काढा.

ते असं होतं. जहाजाच्या टाक्यांत समुद्राचं पाणी घेतात. शेपटीकडचा भाग हळूहळू खाली बसतो. मग ट्रॅक्टर-ट्रॉलीचा मागचा फाळका पाडावा तसं मागचं दार उघडतं, डॉकमध्ये पाणी येतं आणि बोटी तरंगून मागच्या मागे बाहेर पडतात. काम झालं की टाक्यांतलं पाणी बाहेर ढकलायचं, शेपूट वर येते, डॉक कोरडा.

मग जहाज बुडत का नाही? कारण पाणी फक्त ठरलेल्या जागी येतं. बाकीचे कप्पे बंद आणि हवेनं भरलेले असतात. रिकामी घागर विहिरीत सोडली तर तरंगते, थोडं पाणी गेलं तर खाली बसते, तरी तरंगतेच. काठावरून पाणी आत गेलं की मात्र खेळ संपला.

आकडा बघा. या वर्गातल्या नौकांचा डॉक साधारण 51 मीटर लांब आणि 15 मीटर रुंद असतो. त्यात दोन मीटर पाणी धरलं तर हिशोब 15 लाख लिटरवर जातो. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून पाण्याची जी पहिली रेल्वे आली, तिच्यात 5 लाख लिटर होतं. म्हणजे तशा तीन गाड्या. शेपूट खाली नेण्यासाठी टाक्यांत घेतलेलं पाणी वेगळंच.

खरी जोखीम आहे हलणाऱ्या पाण्याची. उन्हाळ्यात अर्धवट भरलेला टँकर वळणावर कसा झोल खातो, पाहिलंय ना? पाणी एका बाजूला धावतं आणि गाडीला घेऊन जातं. डॉकचंही तेच. म्हणून हे काम सावकाश, जहाजाचा कल बघत करतात.

लढाईपेक्षा जास्त उपयोग

जलाश्वची नावाजलेली कामं बचावाचीच. मे 2020 मध्ये कोरोनाच्या काळात ऑपरेशन समुद्रसेतूत तिनं मालदीवहून 698 भारतीयांना कोचीला आणलं. त्यात 19 गरोदर महिला होत्या. सैनिकांसाठी बांधलेली जागा, स्वयंपाकघर, दवाखाना, सगळं तिथे कामी आलं. बंदर मोडलेलं असलं तरी बोटींनी मदत उतरवता येते, हा एलपीडीचा मोठा फायदा. तिच्यासोबत घेतलेली सहा सी किंग हेलिकॉप्टरं मात्र जून 2024 मध्ये 17 वर्षांच्या सेवेनंतर निवृत्त झाली.

आणि एक गोष्ट, जी त्या पोराला मुद्दाम सांगितली

1 फेब्रुवारी 2008 रोजी जलाश्ववर विषारी वायूनं नौदलाच्या जवानांचा जीव गेला. शत्रू नव्हता, वादळ नव्हतं. वायू होता हायड्रोजन सल्फाइड.

हे वाचून मला आपल्या सोनपेठ तालुक्यातला भाऊचा तांडा आठवला. मे 2023 मध्ये तिथे शौचालयाची टाकी साफ करताना पाच मजूर गुदमरून मेले. जहाज कुठे, तांडा कुठे. पण बंद टाकीचं शास्त्र एकच आहे. मैला किंवा कुजकं पाणी हवेशिवाय साचलं की जिवाणू हा वायू तयार करतात. तो हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी बसतो. थोडा असेल तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. जास्त झाला की नाकच बधिर होतं आणि वास येईनासा होतो. माणसाला वाटतं, गेला वायू. तिथेच घात होतो.

विहिरीत कंदील सोडून बघायची आपली जुनी पद्धत इथे चालत नाही. कंदील फक्त ऑक्सिजन कमी आहे का ते सांगतो. हा विषारी वायू जीव घेण्याइतका असला तरी ज्योत जळत राहू शकते. उलट मैल्याच्या टाकीत मिथेन असतो, तो पेट घेईल.

जहाजावर बंद टाकीत उतरायचा नियम असा: आधी पंख्यानं हवा खेळवायची, वायुमापकानं तळापर्यंत तपासायचं, लेखी परवानगी घ्यायची, आणि एक माणूस बाहेर उभा ठेवायचा. आतला पडला तर बाहेरच्यानं श्वसनयंत्राशिवाय उडी घ्यायची नाही, दोरीनं ओढायचं आणि मदत बोलवायची. अशा अपघातांत पहिल्याला वाचवायला उतरलेला दुसरा आणि तिसराही जातो, हे पुन्हा पुन्हा घडतं. पोरगा म्हणाला, "पण आपला माणूस आत पडलेला असताना बाहेर उभं राहायचं?" हो बाबा, दोरी धरून.

पुढे काय?

जलाश्व आता पन्नाशी कधीच ओलांडून गेलीय, आणि आपल्या नौदलात या प्रकारची ती एकटीच आहे. चार नव्या एलपीडी बांधायची योजना बरीच वर्षं चर्चेत आहे. निविदा निघाली, बारगळली, 2021 मध्ये कंपन्यांकडून पुन्हा माहिती मागवली गेली. नव्या नौकांत वाफेच्या बॉयलरऐवजी डिझेल-विद्युत यंत्रणा आणि जास्त मोठं हेलिकॉप्टर डेक असावं, असा जगभरचा कल आहे. डॉकचं तत्त्व मात्र तेच: शेपूट खाली, फाळका उघडा, बोट बाहेर.