चाळीसगाव तालुका : डोंगर, गिरणा, पाटणादेवी आणि कारभार

जळगाव जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला असलेला तालुका म्हणजे चाळीसगाव. दक्षिणेला सातमाळ्याचे डोंगर, त्यापलीकडे कन्नड. पश्चिमेला नाशिक जिल्ह्याचा नांदगाव, वरती धुळे जिल्हा. त्यामुळे इथली बरीचशी कामं हद्दीपलीकडे अडकतात.

पाण्याचंच घ्या. गिरणा तालुक्यातून वाहते, जामद्याचा बंधारा आणि कालवे आपल्याकडे, पण धरण नांदगाव तालुक्यात पांझणला. धरणात किती साठा आहे त्यावर आवर्तन ठरतं. नदीकाठी ऊस, केळी दिसते. डोंगराकडच्या गावांत कपाशी आणि मका, तेही पावसाच्या भरवशावर. तिकडे मन्याड धरणाचा थोडा आधार. तितूर आणि डोंगरी या नद्या एरवी कोरड्या, पण ऑगस्ट 2021 च्या शेवटच्या दिवशी रातोरात आलेल्या पुराने शहर आणि आसपासच्या गावांत हाहाकार केला. गोठ्यातली बांधलेली ढोरं वाहून गेली. त्याच वेळी दरडी कोसळून कन्नड घाट बंद पडला.

या घाटाचं दुसरं नाव औट्रम घाट. 1818 ला खान्देश इंग्रजांकडे गेल्यावर भिल्लांचे उठाव सुरू झाले. 1825 मध्ये भिल्ल पलटण उभी करणारा अधिकारी जेम्स औट्रम, त्याचं हे नाव. गौताळा-औट्रमघाट अभयारण्य (1986) याच डोंगरात आहे. जंगलालगतच्या शेतकऱ्याला बिबट्या नवा नाही. रात्रीची लाईट असली की पाणी भरायला जाणारा माणूस बॅटरीसोबत काठीही घेतो.

अभयारण्याच्या पायथ्याशी पाटणा. चंडिकेचं म्हणजे पाटणादेवीचं दगडी मंदिर इथे आहे, नवरात्रात रीघ लागते. जवळच जुनं महादेव मंदिर. इथून डोंगर चढून पितळखोऱ्याच्या लेण्यांकडे पायवाट जाते. लेणी मात्र कन्नड तालुक्यात मोडतात.

पाटण्याची खरी मोठी गोष्ट शिलालेखाची. गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला इथे मठ काढला आणि निकुंभ घराण्याच्या सोइदेवाने त्याला दान दिलं. काळ 1207 च्या सुमाराचा. लेख संस्कृत, पण शेवट जुन्या मराठीत, आणि त्यात बाजारातल्या मालाचा वाटा, घाण्यामागे तेल असा हिशोब आहे. म्हणजे शाळेचा खर्च गावच्या बाजारातून! डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो उजेडात आणला. भास्कराचार्य पाटण्याचेच होते का यावर अभ्यासकांत वाद आहे, गावात नाही. वाघळीलाही शके 991 चा लेख आहे.

शहर वाढलं ते रेल्वेने. मुंबई-भुसावळ मार्गावरून धुळ्याचा फाटा 1900 मध्ये निघाला आणि चाळीसगाव जंक्शन झालं. स्टेशनजवळच छायाचित्रकार केकी मूस (1912-1989) यांचं घर आहे, जिथून ते वर्षानुवर्षे बाहेर पडत नसत.

कारभार : 1906 ला खान्देशचे पूर्व-पश्चिम दोन जिल्हे झाले, तालुका पूर्वेत गेला. 1960 पासून त्याचं नाव जळगाव. तहसील, पंचायत समिती, नगरपरिषद आणि प्रांत कार्यालय चाळीसगावातच आहे. जिल्हाधिकारी आणि जिल्हा परिषद मात्र शंभरेक किलोमीटरवर. धुळं त्याच्या जवळपास निम्म्या अंतरावर. घाटाखालच्या माणसाला जिल्ह्याचं एक काम म्हटलं की भाकरी बांधून पहाटेच निघावं लागतं. साहेब दौऱ्यावर असले तर दुसऱ्या दिवशी परत तेच.