पहाटेचा धडा : घरी शिकलेल्या तीन मुली आणि अभ्यासाची सवय

आजच्या विषयासाठी आपण आधी घरापासून बरंच लांब जाणार आहोत. गाव फिलाडेल्फिया, तारीख ११ मार्च १८८६. तिथल्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात पदवीदान समारंभ चालू आहे. पदवी घेणाऱ्यांमध्ये कल्याणच्या आनंदीबाई जोशी आहेत, आणि हा सोहळा बघायला मुद्दाम इंग्लंडहून आलेल्या पंडिता रमाबाई आहेत. एकीच्या हातात एम.डी.ची पदवी, तर दुसरी कलकत्त्याच्या विद्वानांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवलेली. या दोघींच्या अभ्यासाचा पाया शाळेत नव्हे, घरात घातला गेला होता.

आता हा विषय आज कशासाठी? तर मुलांना घरीच शिकवायचं ठरवलेले काही पालक आम्हाला भेटतात. पुस्तकं असतात, वेळापत्रक भिंतीवर असतं. तरी तक्रार एकच, मूल अभ्यासाला बसत नाही. बसवलं तर पाच मिनिटांत उठतं. मग आवाज चढतो, कधीकधी हातही उठतो. सवय लावायची तर धाक हवाच ना, असं ते विचारतात. इतिहासाकडे तयार तोडगे नसतात, हे आम्ही आधीच सांगून टाकतो. पण या प्रश्नाला आपल्याकडे उदाहरणं आहेत.

पहिलं उदाहरण रमाबाईंचं. जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं आणि त्यापायी लोकांचा रोष ओढवून घेतला. रमाबाई शिकण्याच्या वयात आल्या तोवर शास्त्रीबुवा म्हातारे झाले होते, म्हणून मुलीला शिकवण्याचं काम आईकडे आलं. त्याच महाविद्यालयाच्या डीन रेचल बॉडली यांनी १८८७ मध्ये रमाबाईंच्या इंग्रजी पुस्तकाला प्रस्तावना लिहिली. तीत या धड्यांचं वर्णन आहे. दिवसभर आईला कामातून सवड नाही, म्हणून धडा पहाटेचा. झोपेनं जड झालेल्या मुलीला आई उचलून घ्यायची, लाडानं जागं करायची, आणि मग पाठ सुरू. पुस्तक नाही. आई म्हणणार, मुलगी मागून म्हणणार.

बॉडलीबाईंनी यात रानातली पाखरंही आणली आहेत. ती आपण जरा बाजूला ठेवू, कारण रमाबाईंना कळू लागलं तेव्हा हे कुटुंब तीर्थक्षेत्रं फिरत, पुराणं सांगत पोट भरत होतं. पण आपल्यासाठी हीच गोष्ट महत्त्वाची आहे. घर ठरलेलं नव्हतं, गाव रोज बदलू शकत होतं. बदलत नव्हती ती वेळ आणि शेजारी बसलेली आई. आपण पालक बहुतेकदा उलटं करतो. टेबल आणतो, दिवा आणतो, खोली सजवतो, आणि मुलाला तिथे बसवून स्वतः फोन घेऊन बाहेर जातो.

रमाबाईंनी स्वतःही याबद्दल लिहून ठेवलंय. आईनं आठव्या वर्षापासून पंधराव्या वर्षापर्यंत शिकवलं, आणि तेवढ्या काळात मनाला असं वळण लावलं की पुढचं शिक्षण फारशी मदत न घेता आपलं आपण चालवता आलं, असा त्यांच्या सांगण्याचा आशय आहे. पुढे दुष्काळाच्या दिवसांत आईवडील गेले. शिकवणारं माणूस गेलं, शिकण्याची सवय उरली. आमच्या मते चांगल्या सवयीची कसोटी हीच. आपण खोलीतून उठलो तर काय उरतं?

आता आनंदीबाई. लग्न नवव्या वर्षी, शिक्षक म्हणजे नवरा, गोपाळराव. टपाल खात्यातली नोकरी, बदल्या, आणि बायकोला शिकवायचंच हा ध्यास. तो काळ लक्षात घेतला तर हा ध्यास मोठाच म्हणायला हवा. पण पद्धत? अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या पत्रात आनंदीबाईंनी ती सांगितली आहे. दहाव्या वर्षी लाकडाच्या तुकड्यांचा मार, बाराव्या वर्षी अंगावर फेकलेल्या खुर्च्या आणि पुस्तकं, सोडून जाण्याच्या धमक्या. इथे कोणी म्हणेल, पण झाल्या ना त्या डॉक्टर! धाकानं काम झालंच की.

या प्रश्नाला आपण बगल द्यायची नाही. आनंदीबाईंनीही दिली नाही. शेवटचं उद्दिष्ट पाहिलं तर ते वागणं बरोबर म्हणता येईल, पण लहान मुलीच्या मनावर त्याचा काय परिणाम होऊ शकतो हे पाहिलं तर ते चूकच, असा निवाडा त्यांनी त्याच पत्रात दिला आहे. पदवीच्या उंबरठ्यावर पोचलेली बाई हे सांगते आहे, त्यामुळे तिची साक्ष मोठी. आणि धाक असूनही त्या टिकल्या की धाकामुळे टिकल्या, हे यशाकडे पाहून ठरवता येत नाही. मार खाऊन पुस्तकाचा कायमचा तिटकारा आलेल्यांची चरित्रं कोणी लिहीत नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसावं वर्षही पुरं होण्याआधी, आनंदीबाई गेल्या.

तिसरं उदाहरण पुण्यातल्या एका घरातलं. १८७३ मध्ये अकरा वर्षांची एक मुलगी महादेव गोविंद रानड्यांशी लग्न होऊन आली. अक्षरओळख नव्हती. रानड्यांनी घरीच शिकवायला सुरुवात केली. 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या १९१० च्या पुस्तकात रमाबाई रानडे सांगतात की घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना हे मुळीच पसंत नव्हतं. टोमणे, अबोला, सगळं झालं. शिकवणारा एक आणि हिणवणारे चार, अशा घरात मूल अभ्यासाला बसतं तेव्हा त्याची निम्मी ताकद तिथे नुसतं बसण्यातच जाते. घरी शिकवायचं तर ते आईचं किंवा बाबांचं एकट्याचं काम राहत नाही. आजी-आजोबांपासून सगळ्यांनी निदान त्या तासाचा मान राखायला हवा. पुढे रमाबाई पतीला वाचून दाखवू लागल्या, कारण त्यांची दृष्टी अधू होती. म्हणजे शिकलेलं घरात कुणाच्या तरी उपयोगी पडू लागलं.

हा उपयोगाचा धागा आपल्या जुन्या परवच्यातही दिसतो. दिवेलागण झाली, शुभंकरोती झालं, की मुलांनी ओळीत बसून पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी म्हणायची. वेगळी घंटा लागत नसे, दिवा लागला हीच घंटा. आणि रुपयाचे सोळा आणे होते तोवर पावकी-निमकी दुसऱ्या दिवशी वाण्याच्या दुकानात कामाला येई. १९५७ मध्ये दशमान नाणी आली आणि यातलं बरंचसं निरुपयोगी झालं. पाठांतर तेवढंच उरलं, तेव्हा ते मुलांना जड वाटू लागलं यात नवल नाही. अर्थात परवचाही सगळ्यांच्या घरी नव्हता. ज्यांच्या आईवडिलांनाच अक्षर नाकारलं गेलं, त्यांच्यासाठी शाळाच हवी होती. म्हणून तर जोतीरावांनी सावित्रीबाईंना घरी शिकवलं आणि १८४८ मध्ये भिडेवाड्यात शाळा उघडली.

तर मग पालकांना आम्ही काय सांगतो? चार-पाच वर्षांच्या मुलासाठी सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटं पुरेत, पण रोज, आणि घरातल्या एखाद्या ठरलेल्या गोष्टीला जोडून : न्याहारीनंतर, दिवा लावल्यावर. तेवढा वेळ आपण शेजारी बसायचं. शिकलेलं त्याच दिवशी घरात वापरायला द्यायचं : भाजीची यादी लिहू दे, पोळ्या मोजू दे, आजोबांना गोष्ट वाचून दाखवू दे. मूल उठलं तर उठू द्यावं, उद्या पुन्हा त्याच वेळी बसावं. हात उगारावासा वाटला तर धडा तिथेच थांबवावा. एक धडा बुडाल्यानं काही बिघडत नाही.

शेवटी एकच. घरी शिकलेल्या या बायकांनी पुढे काय केलं? पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं. रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन उभं केलं. घरात मिळालेलं त्यांनी घरात ठेवलं नाही. आपल्या मुलांनाही पुढेमागे दार उघडून बाहेर जायचंच आहे. तोवर पहाटेचा धडा त्यांना गोड आठवावा, एवढं तरी आपल्या हातात आहे.

इथेच थांबतो.