कोरियातल्या पुरुषपार्टाची गोष्ट

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये टीव्हीएन या कोरियन वाहिनीवर ‘जॉंगन्यॉन’ ही मालिका सुरू झाली. के-ड्रामात हमखास चालणारं तिच्यात फारसं काही नव्हतं. श्रीमंत घराण्याचा वारस नाही, पावसात छत्री धरणारा नायक नाही. खरं तर नायकच नाही. बारा भागांत जवळपास सगळ्या महत्त्वाच्या भूमिका बायकांच्या आहेत आणि त्यातल्या कित्येक जणी मालिकेतल्या रंगमंचावर पुरुष झालेल्या आहेत. पहिल्या भागाचं रेटिंग ४.८ टक्के होतं, शेवटच्या भागाचं १६.५ टक्के.

गोष्ट साधी आहे. कोरियन युद्ध नुकतंच संपलंय. मोक्पो या दक्षिणेकडच्या बंदरगावातली यून जॉंगन्यॉन ही मुलगी आईबरोबर मासे विकते आणि जीव तोडून गाते. गावात बायकांची एक नाटकमंडळी येते. तिचा खेळ पाहून ही पोरगी वेडी होते आणि आईचा विरोध झुगारून सोलला पळून जाते. जॉंगन्यॉनचं काम केलंय किम ते-रीने. त्यासाठी ती सुमारे तीन वर्षं गाणं शिकत होती.

मालिका पाहताना मला सारखा एक प्रश्न पडत होता. पुरुषवेशातल्या नटीसाठी थिएटरबाहेर मुलींची झुंबड, भेटवस्तूंचे ढीग, रडारड हे सगळं लेखकाच्या डोक्यातून आलेलं की खरंच असं काही होतं? होतं. त्या नाटकाला ‘यॉसॉंग गुकगुक’ म्हणत, म्हणजे बायकांचं देशी नाटक. त्याचा खरा इतिहास मालिकेपेक्षा जास्त नाट्यमय आहे आणि जास्त कडूही.

सुरुवात पान्सोरीपासून करावी लागते. एक गायक, हातात पंखा. बाजूला ढोल घेऊन बसलेला एक वादक, तोच मधूनमधून दाद देणारा. एवढ्यावर एक अख्खं आख्यान उभं राहतं, आणि पूर्ण गायलं तर ते सहा-आठ तासही चालतं. आपल्या कीर्तनकाराची आठवण यावी असा प्रकार. आवाज गोड असण्यापेक्षा घासलेला, खरखरीत, सोसलेला असावा लागतो. त्यासाठी धबधब्याशेजारी उभं राहून रियाझ करण्याची परंपरा आहे.

हे गाणं बराच काळ पुरुषांचंच होतं. शिन जे-ह्यो या गुरूची शिष्या चिन छे-सॉन ही पहिली स्त्री पान्सोरी गायिका मानली जाते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती राजवाड्यात गायली. पुढे बायका गाऊ लागल्या, पण त्यांच्यावर ‘गिसेंग’ हा शिक्का बसला. गिसेंग म्हणजे मेजवान्यांमध्ये गाणाऱ्या-नाचणाऱ्या कलावंतिणी. जपानी राजवटीत त्यांची अधिकृत नोंदणी होई, त्यांच्या संस्था असत आणि गाण्याचं शिक्षणही तिथेच मिळे. कला उत्तम, मान शून्य. जॉंगन्यॉनची आई एके काळची थोर गायिका असूनही ते लपवून मासे का विकते, हे कळायला एवढा संदर्भ पुरे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पान्सोरीतली पात्रं वेगवेगळ्या नटांना वाटून देऊन ‘छांगगुक’ हे संगीत नाटक तयार झालं. त्यात बायका होत्या, पण निर्णय आणि पैसे पुरुषांच्या हातात. १९४५ ला जपानी राजवट संपली. तीन वर्षांनी, १९४८ मध्ये सोलमध्ये काही गायिकांनी आपली वेगळी संस्था काढली. अध्यक्ष पार्क रोक-जू, सोबत किम सो-ही, पार्क ग्वी-ही, इम छुन-एंग. पुढे कोरियाच्या संगीतात ज्यांची नावं आदराने घेतली गेली, अशा या बायका. त्यांनी ठरवलं की नाटकातल्या सगळ्या भूमिका आपणच करायच्या. राजा आपण, राणी आपण, खलनायकही आपणच.

पहिलं नाटक ‘छुनह्यांग’च्या सुप्रसिद्ध प्रेमकथेवर होतं. पण खरा धमाका झाला १९४९ मध्ये, ‘सूर्य-चंद्र’ अशा अर्थाच्या नावाच्या नाटकाने. त्याचं कथानक ‘तुरांदोत’ या युरोपीय ऑपेराच्या गोष्टीवर बेतलेलं होतं. प्राचीन राज्यं, राजपुत्र, राजकन्या, ताटातूट, तलवारबाजी आणि शेवटी मीलन, हा साचा तिथून पक्का झाला.

मग १९५० मध्ये युद्ध आलं. देश उद्ध्वस्त झाला, लाखो माणसं दक्षिणेकडे पळाली. आणि या नाटकांची गर्दी वाढली. निर्वासितांनी भरलेल्या शहरांतही खेळ होत राहिले. प्रेक्षक मुख्यतः बायका. मला यात आश्चर्य वाटत नाही. घरातले पुरुष लढाईत मेलेले किंवा बेपत्ता, घर चालवायची जबाबदारी अंगावर. अशा वेळी रंगमंचावर एक राजपुत्र येतो. तो देखणा आहे, शूर आहे, प्रेयसीचा हात अदबीने धरतो, आणि तो कुणाला मारझोड करणार नाही याची खात्री आहे, कारण तो मुळात बाईच आहे.

दशकाच्या मध्यापर्यंत दहाहून अधिक मंडळ्या देशभर फिरत होत्या. नायक, खलनायक आणि विनोदी नट यांना त्यांच्या बोलीत ‘निमाई’, ‘गादाकी’ आणि ‘साम्माई’ म्हणत. हे शब्द जपानी रंगभूमीवरून आलेले. सगळ्यात मोठं नाव इम छुन-एंगचं. ती गायची, नाचायची, नाटक बसवायची आणि पुरुषपार्ट करायची. चाहत्या तिच्यासारख्यांना रक्ताने पत्रं लिहीत, घर सोडून मंडळीमागे जात. चो गुम-एंग या दुसऱ्या पुरुषपार्ट करणाऱ्या नटीचा एक फोटो प्रसिद्ध आहे. एका चाहतीच्या हट्टाखातर काढलेला, लग्नाचा. नवरी चाहती, नवरा ही नटी. लग्न खोटं, फोटो खरा.

मराठी वाचकाला हे सगळं उलट्या आरशात पाहिल्यासारखं वाटेल. आपल्याकडे बालगंधर्व साडी नेसून उभे राहत आणि घरोघरच्या बायका त्यांच्यासारखी साडी नेसायला शिकत. आपण त्या आठवणी अजून जपतो. कोरियातल्या राजपुत्रांच्या वाट्याला मात्र वेगळं आलं.

कारण एवढी गर्दी खेचणारं हे नाटक १९६० चं दशक संपेपर्यंत जवळजवळ नाहीसं झालं. नेहमीचं उत्तर म्हणजे सिनेमा. ते खोटं नाही. १९५४ मध्ये कोरियन चित्रपटांना तिकिटावरच्या करातून सूट मिळाली आणि १९५५ च्या ‘छुनह्यांग’ चित्रपटाने गर्दीचे विक्रम केले. तीच छुनह्यांग, जिच्यावर या बायकांचं पहिलं नाटक होतं. मंडळ्या फुटत गेल्या, तेच तेच कथानक वापरलं गेलं, चांगल्या नटी विखुरल्या. पुढे टीव्हीही आला.

पण सिनेमा आणि टीव्ही पान्सोरीसमोरही होतेच. ती वाचली, कारण तिला वाचवायचं ठरलं. १९६१ च्या लष्करी उठावानंतर पार्क चुंग-ही सत्तेवर आले. १९६२ मध्ये सांस्कृतिक वारसा जपण्याचा कायदा झाला, त्याच वर्षी सरकारी नाटकमंडळी स्थापन झाली. तीच आजची राष्ट्रीय छांगगुक मंडळी. १९६४ मध्ये पान्सोरीला राष्ट्रीय वारशाचा दर्जा मिळाला. जाणत्या गायकांना मानधन, शिष्य, प्रतिष्ठा मिळाली. पुढे युनेस्कोनेही तिची दखल घेतली.

बायकांचं नाटक या यादीत बसलं नाही. ते पुरेसं जुनं नव्हतं, पुरेसं ‘शुद्ध’ नव्हतं. त्यात परदेशी गोष्ट होती, भडक कपडे होते, बाजारूपणा होता. योगायोग असा की त्याच १९६४ साली आपल्याकडे बालगंधर्वांना पद्मभूषण मिळालं. पुरुषाने बाई होणं ही कला ठरली. बाईने पुरुष होणं हे खूळ ठरलं. दोन देश वेगळे, कारणं वेगळी, हे मान्य. तरी ही तुलना माझ्या मनातून जात नाही.

यातली आणखी एक बोचरी गोष्ट अशी की किम सो-ही आणि पार्क ग्वी-ही यांना पुढे वारसा जपणाऱ्या कलावंत म्हणून सरकारी मान मिळाला, पण तो त्यांच्या पारंपरिक संगीतासाठी. त्यांनी स्वतः उभ्या केलेल्या नाटकासाठी नाही. म्हणजे बाई वारशात चालत होती, फक्त कुणाचा तरी वारसा पुढे नेणारी म्हणून. तिने स्वतः काही नवं काढलं की ते मोजायचं नाही.

तरीही काही जणींनी धागा सोडला नाही. इम छुन-एंगच्या मंडळीत विनोदी भूमिका करणारी चो यंग-सुक म्हातारपणीही नव्या मुलींना शिकवत राहिली. सायरेन उन यंग चंग ही कलाकार २००८ पासून या नटींच्या आठवणी, हालचाली, आवाज टिपत आली. २०१९ मध्ये तिचं काम व्हेनिस बिएनालेमध्ये कोरियाच्या दालनात मांडलं गेलं. त्याच वर्षी लेखक सॉ यी-रे आणि चित्रकार नामोन यांचं वेबटून फोनच्या पडद्यावर सुरू झालं. २०२३ मध्ये त्यावर नाटक आलं, आणि ते केलं राष्ट्रीय छांगगुक मंडळीने. मग मालिका.

म्हणजे सरकारी दप्तराने जे ठेवलं नाही, ते फोनवर अंगठ्याने वर सरकवायच्या चित्रकथेने परत आणलं. पण इथेही एक कात्री लागली. वेबटूनमध्ये बुयॉंग नावाची मुलगी आहे, जॉंगन्यॉनची पहिली चाहती आणि तिच्यावर प्रेम करणारी. मालिकेत हे पात्रच नाही. बारा भागांत सगळं बसत नाही, असं कारण दिलं गेलं. असेलही. पण या नाटकाचा प्राण त्या चाहत्या होत्या. रक्ताने पत्रं लिहिणारी, नवरी होऊन फोटोला उभी राहणारी ती मुलगी. तिला वगळून नटींचा गौरव करणं मला अर्धवट वाटतं.

मालिकेच्या शेवटी मंडळीची वास्तू विकली जाते. तिथे आता पुरुषांच्या मेजवान्यांचं हॉटेल होणार असतं, म्हणजे जिथून या बायका सुटून आल्या, त्याच जगात ती जागा परत जाते. मोठी नटी सिनेमाकडे निघून गेलेली असते. उरलेल्या जणी शेवटचा खेळ करतात आणि थिएटर भरलेलं असतं. हा शेवट पाहून अनेकांना चुटपुट लागली, पुढे काय झालं ते दाखवायला हवं होतं असं वाटलं. मला तो प्रामाणिक वाटला. पुढे काय झालं, ते आता आपल्याला माहीत आहे.