ळ

ळ हे देवनागरी लिपीतील एक व्यंजनाक्षर आहे. मराठीतील त्याचा ध्वनी मूर्धन्य पार्श्विक या वर्गात मोडतो. तो उच्चारताना जिभेचे टोक मागे वळून टाळूच्या कठीण भागाला टेकते आणि हवा जिभेच्या कडांवरून निसटते. ल म्हणताना हेच टोक पुढे, वरच्या दातांच्या मुळाशी असते. हे अंतर बोटभरही नाही, पण तेवढ्यावरच वेल आणि वेळ, गाल आणि गाळ, चाल आणि चाळ हे शब्द वेगळे राहतात. ळ शब्दाच्या मध्ये किंवा शेवटी येतो. त्याने सुरू होणारा शब्द मराठीत नाही.

ळ आणि त्याच्या जातीचे वर्ण गावांच्या नावांतही ऐकू येतात. पालघर तालुक्यातील एडवण या किनाऱ्यालगतच्या गावाच्या नावात ड आणि ण हे दोन मूर्धन्य वर्ण आहेत. त्यांच्याच स्थानातून निघणारा ळ आसपासच्या नावांत सापडतो : सफाळे आणि केळवे. या भागातील बागायतीच्या शब्दांतही ल आणि ळ शेजारी नांदतात. केळवे-माहीम परिसर विड्याच्या पानांसाठी ओळखला जातो. तिथे वेल पानाची आणि मळाही पानाचा.

ळ चा सर्वांत जुना पुरावा ऋग्वेदात मिळतो. शाकल शाखेच्या पाठात दोन स्वरांमधील ड चा ळ होतो, तर ढ चा ळ्ह. पहिल्याच ऋचेतील ‘ईळे’ हे क्रियापद असे आहे. पुढच्या संस्कृतात ते ‘ईडे’ असे लिहिले गेले. पाणिनीय परंपरेच्या माहेश्वर सूत्रांत ळ ला जागा नाही आणि अभिजात संस्कृतातही तो स्वतंत्र वर्ण म्हणून वावरत नाही. पालीत मात्र तो आहे : संस्कृत ‘षोडश’चे पाली रूप ‘सोळस’, मराठीत ‘सोळा’.

मराठीतील बहुतेक ळ मात्र ड पासून नव्हे, ल पासून आले. संस्कृत शब्दात दोन स्वरांमध्ये एकेरी ल असेल, तर प्राकृताच्या वाटेने मराठीत त्याचा ळ झाला. ल दुहेरी असेल, किंवा प्राकृतात जोडाक्षर मोडून ल्ल झाला असेल, तर त्याचा एकेरी ल उरला. म्हणून फल चे फळ झाले, पण फुल्ल चे फूल. गल पासून गळा, गल्ल पासून गाल. वेला म्हणजे समय, तिची वेळ झाली; वल्ली म्हणजे लता, तिची वेल. काल म्हणजे समय याचा काळ झाला, तर कल्य (प्राकृत कल्ल) याचा ‘काल’, म्हणजे सरलेला दिवस. आज हे शब्द एकमेकांचे सख्खे शेजारी वाटतात, पण त्यांचे मूळ वेगळे होते आणि त्याची नोंद या एका अक्षराने ठेवली आहे. मराठी शब्दांच्या व्युत्पत्तीत इतका भरवशाचा साक्षीदार क्वचितच मिळतो.

हा ध्वनिबदल होऊन गेल्यावर भाषेत आलेल्या शब्दांना सहसा नियम लागू होत नाही. फारसी-अरबीतून आलेल्या साल, कलम, तालुका या शब्दांत ल टिकला, तसाच इंग्रजीतून आलेल्या मैल आणि फाइल यांतही. संस्कृतातून नव्याने उचललेले तत्सम शब्दही ल राखतात. त्यामुळे बाल आणि बाळ, कमल आणि कमळ अशा जोड्या तयार झाल्या. काही जोड्यांनी अर्थही वाटून घेतले : मंगल कार्य वेगळे, मंगळवार वेगळा. दयाळू, मायाळू, लाजाळू, केसाळ या शब्दांतील प्रत्ययांतही ळ आहे.

सगळे मराठी भाषक ळ उच्चारत नाहीत. उत्तर कोकणच्या किनाऱ्यावरील कोळी आणि आगरी बोलींत ळ चा ल होतो : कोळी स्वतःला कोली म्हणतो, डोळ्याला डोला, काळ्याला काला. याच बोलींत ण चा न होतो. त्या उच्चाराने एडवण हे एडवन होते आणि सफाळे सफाले. बोलीतील ‘शाला’ हा शब्द संस्कृत शाला या मूळ रूपाशी तंतोतंत जुळतो. पण हे संस्कृताचे जतन नव्हे, मूर्धन्य वर्ण दंत्य करण्याच्या प्रवृत्तीचा तो परिणाम आहे. शाळेत या उच्चाराला अशुद्ध ठरवण्याची सवय आहे. ती अन्यायाची आहे, कारण हा बदल नियमाने होतो, आळसाने नाही. वेळ आणि वेल एकच झाले तरी बोलणाऱ्यांची अडचण होत नाही; प्रसंगावरून अर्थ कळतो. खानदेशात आणि वऱ्हाडात ळ वेगळ्या दिशेने गेला : तिथे त्याचा य होऊन डोळा ‘डोया’ आणि काळा ‘काया’ होतो.

पालघर जिल्ह्याच्या उत्तरेला मराठीची सीमा आहे, ळ ची नाही. गुजरातीत फळ आणि बाळक हे शब्द ळ नेच लिहितात. कोकणी, राजस्थानी, ओडिया आणि दक्षिणेतील चारही मोठ्या द्राविड भाषांत हा ध्वनी आहे. प्रमाण हिंदीत आणि बंगालीत तो नाही, म्हणून हिंदी लेखनात मराठी गावांच्या नावांतील ळ चा पुष्कळदा ल होतो. रोमन लिपीत ल आणि ळ या दोघांना एकच अक्षर मिळते, त्यामुळे परक्या प्रवाशाला पालघरचा ल आणि सफाळ्याचा ळ सारखेच दिसतात. जपानी काना लिपीत संकोच आणखी मोठा आहे. त्या लिपीतील अक्षरांचा प्रचलित क्रम बौद्धांच्या सिद्धम् लिपीच्या अभ्यासातून, म्हणजे भारतीय वर्णमालेच्या धर्तीवर आला. तरी तिच्यात र, ल आणि ळ या तिघांसाठी रा, री, रु, रे, रो ही एकच ओळ आहे.

लेखनात ळ शिरोरेषेखाली लहान दांडीला लटकलेल्या दोन वाटोळ्या फुगीर भागांचा असतो. त्याला उजवीकडे उभा दंड नाही. म्हणून जोडाक्षरात तो प किंवा ल यांसारखा अर्धा करता येत नाही. ‘सगळ्या’, ‘डोळ्यात’ या रूपांत ळ पूर्ण राहतो आणि य त्याला उजवीकडून जोडला जातो. ळ चे द्वित्व मराठी शब्दांत जवळजवळ नाही. ते बळ्ळारीसारख्या कन्नड नावांत दिसते.

पारंपरिक वर्णमालेत ळ ची जागा ह नंतर, क्ष आणि ज्ञ यांच्या आधी आहे. जुन्या धर्तीच्या मराठी शब्दकोशात ‘कळ’ शोधणाऱ्याला म्हणून ‘कव’ आणि ‘कह’ ओलांडून पुढे जावे लागते. युनिकोडने ही परंपरा पाळलेली नाही. तिथे ळ चा संकेतांक ०९३३ असून तो ल (०९३२) आणि व (०९३५) यांच्या मध्ये येतो. केवळ संकेतांकांवरून लावलेल्या यादीत ‘कळ’ त्यामुळे ‘कव’च्या आधी येतो. मधला ०९३४ हा क्रमांक ऴ या नुक्ता लावलेल्या अक्षराचा आहे. तमिळ आणि मल्याळममधील एक वेगळा ध्वनी देवनागरीत दाखवण्यासाठी ते वापरतात. इनस्क्रिप्ट कळफलकावर ल आणि ळ एकाच कळीवर आहेत. ळ साठी शिफ्टची कळ सोबत दाबावी लागते.