जात्यातून वाचलेला वेळ

मैत्रिणींनो, परवा माळा आवरताना जात्याचा खुंटा सापडला आणि आईची शाळा आठवली.

आईचं माहेर हातकणंगले तालुक्यातलं. 1948 च्या सुमारास चौथी झाली आणि तिची शाळा सुटली. शाळा गावातच होती, आईला पाढेही छान यायचे. अडचण होती जात्याची. घरात दहा माणसं आणि पिठाची मर्यादा कडक. पावसाळ्यात 3 दिवस, उन्हाळ्यात 5, थंडीत 7. साठवून ठेवायची सोय नाही. पहाटे चारला दळण, मग पाणी, मग भाकऱ्या. जातं दोघींनी ओढलं की हलकं जातं, म्हणून दुसरा हात मुलीचा.

त्याच तालुक्यातलं कुंभोज हे कर्मवीर भाऊराव पाटलांचं जन्मगाव. त्यांनी 1919 साली काले इथं रयत शिक्षण संस्था काढली. साताऱ्याच्या वसतिगृहातली मुलं उपाशी राहू नयेत म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. ही गोष्ट आपण अभिमानानं सांगतो. पण खेड्यापाड्यांतून मुलगे शिकायला बाहेर पडले, तेव्हा घरात भाकरीचं पीठ दळायला बहिणीच उरल्या, हे सांगायचं राहून जातं.

पुढे गावोगावी डिझेल इंजिनाच्या गिरण्या आल्या, मग विजेच्या. दोन तासांचं दळण दहा मिनिटांत होऊ लागलं. मग सगळ्या मुली शाळेत गेल्या का? नाही. कुणी डबा घेऊन गिरणीच्या रांगेत बसली, कुणी धाकट्याला सांभाळत राहिली.

आमच्या सासुरवाडीत नव्हे, आईच्याच सासरी, म्हणजे आमच्या घरी, वेगळं घडलं. आजी व्रती. गिरणीत किडकं धान्यही दळलं जातं, म्हणून ते पीठ तिला चालत नसे. मी पाचवीत गेले तेव्हा वडील म्हणाले, "आईच्या दळणाला पोरीला घरी ठेवू." त्यावर आजी म्हणाली, "नेम माझा हाय, पोरीचा न्हवं. माझ्यापुरतं मी दळीन. तिला साळंला जाऊ दे." त्या दिवसापासून घरचं दळण गिरणीत गेलं आणि आजी स्वतःपुरतं ओंजळभर धान्य एकटीच दळत राहिली. मी बी.कॉम. झाले ती त्या एका वाक्यामुळे.

जमाखर्च शिकले म्हणून त्याच भाषेत सांगते. यंत्र वेळ वाचवतं, पण तो कुणाच्या खाती जमा करायचा हे घरातलं माणूस ठरवतं. आपल्याकडे आज मिक्सर, वॉशिंग मशीन, घरघंटी सगळं आहे. पण भांडीवाल्या मावशींना बरं नसलं की त्यांच्या जागी त्यांची मुलगी येते, शाळा बुडवून. मागच्या महिन्यात मी तिला दारातूनच परत पाठवलं आणि भांडी स्वतः घासली. पगार कापला नाही. आजीनं केलं त्यापुढे हे काहीच नाही, पण सुरुवात म्हणून तुम्हीही करून बघा.

जय जिनेंद्र.