धक्का कोणाचा, दोष कोणाचा?

बास्केटबॉलच्या मैदानावर दहा खेळाडू एकाच वेळीं वेगानें धांवत असतात. अंगास अंग लागतें, खांद्यास खांदा भिडतो. परंतु पंचाची शिटी कधीं वाजते, कधीं वाजत नाहीं. मग प्रेक्षकांतून "पक्षपात! पक्षपात!" असा गलका उठतो. वस्तुतः ह्या वाजण्या-न वाजण्यामागें एक न्यायतत्त्व आहे, आणि तें घडत गेल्याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

हा खेळ अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स राज्यांत, स्प्रिंगफील्ड येथें १८९१ च्या डिसेंबरांत जन्मास आला. तेथील वाय. एम. सी. ए. च्या शिक्षणसंस्थेंत जेम्स नेस्मिथ हे व्यायामशिक्षक होते. हिवाळ्यांत छपराखालीं खेळतां येईल असा खेळ त्यांस हवा होता. लांकडी जमिनीवर फूटबॉलप्रमाणें एकमेकांस लोळविणें म्हणजे हातपाय मोडून घेणें. नेस्मिथ यांनीं ताडलें कीं, चेंडू घेऊन धांवूं दिलें तर धांवणाऱ्यास पाडणें ओघानेंच येतें. तेव्हां तें धांवणेंच बंद केलेलें बरें. लक्ष्यहि त्यांनीं १० फूट उंचीवर, फळांच्या टोपलींत ठेविलें. त्यामुळें जोरापेक्षां नेमास महत्त्व आलें.

त्यांच्या १३ नियमांपैकीं पांचव्या नियमानें खांदा मारणें, धरणें, ढकलणें, पाय घालून पाडणें व मारणें निषिद्ध केलें. पहिल्या अपराधाची नोंद होई. दुसऱ्यास पुढील गोल होईपर्यंत बाहेर बसावें लागे. आणि इजा करण्याचा हेतु उघड दिसला तर सबंध खेळास मुकावें लागे, बदली खेळाडूहि मिळत नसे. पंचहि दोन नेमले होते: रेफरीनें चेंडू पाहावा, अंपायरनें माणसें पाहावीं.

परंतु केवळ मनाईनें प्रश्न सुटला नाहीं. आपल्या हुतूतूंत स्पर्श हा खेळाचा प्राण आहे. येथें तो वर्ज्य, तरी टळत नाहीं. प्रत्येक स्पर्शास शिटी वाजविली तर खेळच उरणार नाहीं. मुळींच न वाजविली तर दांडगेश्वरांचें राज्य होईल. म्हणून "अंग लागलें काय?" ह्या प्रश्नाच्या जागीं हळूहळू दोन प्रश्न आले: ती जागा कोणाची होती, आणि धक्क्यानें कोणाचें अन्याय्य नुकसान झालें?

१९३२ सालीं जिनीव्हा येथें स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या आजच्या नियमांत प्रत्येक खेळाडूभोंवतीं एक काल्पनिक दंडगोल मानिला आहे. त्याच्या आंत सरळ वर उडी मारून हात उंचावणारा निर्दोष. तो सोडून दुसऱ्याच्या जागेंत शिरणारा दोषी. रक्षक दोन्ही पाय जमिनीवर टेकून, समोर तोंड करून आधीं उभा राहिला असेल, आणि चेंडूवाला त्याच्या छातीवर आदळला, तर अपराध चेंडूवाल्याचा. मात्र हवेंत उडालेल्याच्या खालीं मागाहून सरकणारा रक्षकच अपराधी, कारण उडणाऱ्यास सुखरूप उतरण्याचा हक्क आहे. टोपलीखालीं उभें राहून मुद्दाम धक्का ओढवून घेण्याची युक्ति फोफावली, तेव्हां १९९७ सालीं अमेरिकन व्यावसायिक संघांनीं व २०१० सालीं आंतरराष्ट्रीय संघटनेनें तेथें अर्धवर्तुळ आंखून तिला आळा घातला.

हा सारा निवाडा डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच करावयाचा असतो. म्हणून जाणता पंच चेंडूच्या मागें नजर धांवडवीत नाहीं. दोन खेळाडूंमधील मोकळ्या जागेवर ती खिळवून ठेवितो. ती जागा कोणीं प्रथम मोडली, एवढें ज्यानें पाहिलें, त्यासच न्याय देतां येतो.