स्कंधसंधीचे स्थैर्य आणि हवेचा दाब

मानवी शरीरातील सर्वांत मोकळेपणाने हालणारा सांधा खांद्याचा होय. भुजास्थीचे शीर्ष मोठे व गोल, तर अंसफलकाची खोबण लहान व उथळ. मग हे शीर्ष खोबणीत टिकते तरी कशाने? स्नायू व अस्थिबंध ही दोन उत्तरे डोळ्यांना दिसणारी होती. तिसरे उत्तर अदृश्य होते, आणि त्याचा शोध खांद्यात नव्हे, तर खुब्यात लागला.

१८३६ साली विल्हेल्म व एडुआर्ट या वेबर बंधूंचा मानवी चालण्याच्या यंत्रणेवरील ग्रंथ गटिंगेन येथे प्रसिद्ध झाला. एक बंधू पदार्थविज्ञानवेत्ता, दुसरा शारीरविद. त्यांनी शवाच्या खुब्याभोवतीचे स्नायू व संधिकोश छेदले. तरीही मांडीचे हाड जागचे ढळले नाही. श्रोणीच्या बाजूने खोबणीत छिद्र पाडताच मात्र हवा आत शिरली व पाय निखळला. हाड पुन्हा बसवून छिद्र बंद केले असता ते पूर्ववत टिकून राहिले. पायाचा भार बाहेरील हवेचा दाब पेलतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

खांद्याच्या बाबतीत विचार बराच काळ दृश्य घटकांभोवतीच फिरत राहिला. १९५९ साली बासमाजियन व बाझांत यांनी स्नायूंतील विद्युत्क्रिया नोंदवून दाखविले की, लोंबत्या हातात ओझे असतानाही भुजेवरून उभे जाणारे स्नायू जवळजवळ निष्क्रिय असतात. हात खाली न घसरण्याचे श्रेय त्यांनी संधिकोशाचा वरचा भाग, त्यास साहाय्य करणारा स्नायू व खोबणीचा उतार यांस दिले. १९८५ साली सिंगापूरच्या कुमार व बालसुब्रमण्यम यांनी शवांच्या खांद्यांवर प्रयोग केले. संधिकोशास नुसते छिद्र पाडताच शीर्ष खाली सरकले.

कारण सोपे आहे. बंद सांध्यात द्रव अत्यल्प असतो. हात खाली ओढला की आतील अवकाश वाढू पाहतो, दाब घटतो, आणि बाहेरील हवा शीर्षास खोबणीकडे रेटते. १९९२ साली हाबरमायर व सहकाऱ्यांनी शवांच्या खांद्यांत हे बल सरासरी १४६ न्यूटन, म्हणजे सुमारे १५ किलोग्रॅम भाराइतके, मोजले. खोबणीच्या कडेचे तंतुमय वलय येथे झडपेचे काम करते, हेही त्यांनी दाखविले. १९२३ साली बँकार्ट यांनी वारंवार निखळणाऱ्या खांद्यात हे वलय कडेपासून सुटल्याचे वर्णन केले होते. त्या दुखापतीस यामुळे दुसरा अर्थ लाभला. आधार तुटतो, तसाच बंदिस्तपणाही जातो.

या इतिहासाचे महत्त्व पद्धतीच्या दृष्टीनेही आहे. अस्थिबंधाचे कार्य पाहण्यासाठी संधिकोश छेदावा, तर त्याच क्षणी हवा आत शिरते. तेव्हा सांधा सैल झाला तो बंध तुटल्याने की दाब गेल्याने, हे वेगळे तपासल्याखेरीज अशा छेदनप्रयोगांचे निष्कर्ष निःशंकपणे स्वीकारता येत नाहीत. अर्थात दाबाचे महत्त्वही मर्यादेतच मानावयास हवे. हात सैल लोंबत असता तो निर्णायक ठरतो. जोरदार हालचालीत मात्र मुख्य भार स्नायूंनाच वाहावा लागतो.